रंगाची साक्ष धरू नका

औंढा नागनाथचं देऊळ काळ्या दगडाचं आहे, आणि तालुक्यात कुठेही विहीर खोल नेली की तळाला हाच दगड लागतो. वर माती, खाली मुरूम, मग कुठे छिद्राछिद्रांचा मांजऱ्या, तर कुठे टणक काळा पाषाण. मांजऱ्याच्या छिद्रांत पांढऱ्या गारा निघतात, त्यांचं कुणाला अप्रूप नसतं. पण सुरुंग उडाल्यावर ढिगाऱ्यात जांभळा, लखलखता तुकडा दिसला की काम थांबतं. कुणी नीलम म्हणतं, कुणी जमुनिया. नागनाथाच्या गावात कुणीतरी नागमणी म्हणणार, हेही ठरलेलंच.

बहुतेक वेळा तो ॲमेथिस्ट निघावा, म्हणजे रत्नबाजारातला जमुनिया. महाराष्ट्राच्या या काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, तो सापडतो. जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर भागातले नमुने संग्राहकांच्या ओळखीचे आहेत. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर साचले. थिजणाऱ्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि त्यांच्या पोकळ्या झाल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने त्यांत सिलिका आणून टाकली. आधी भिंतीला हिरवट खनिजाचा पातळ लेप, त्यावर अकीक, आणि मोकळी जागा उरली तर आत तोंड करून वाढलेले टोकदार स्फटिक. दक्षिण ब्राझील आणि उरुग्वेच्या बेसाल्टमध्ये हीच प्रक्रिया इतक्या मोठ्या पोकळ्यांत झाली, की काहींत माणूस उभा राहू शकतो. तिथला माल एकोणिसाव्या शतकात युरोपात पोचला आणि एकेकाळी राजेरजवाड्यांचं असलेलं हे रत्न स्वस्त झालं.

ॲमेथिस्ट म्हणजे आपली गारगोटीच, क्वार्ट्झ. शुद्ध क्वार्ट्झला रंग नसतो. स्फटिक वाढताना सिलिकॉनच्या काही मोजक्या जागा लोहाचे अणू बळकावतात. भोवतालच्या खडकातल्या पोटॅशियमसारख्या मूलद्रव्यांचा मंद किरणोत्सार लाखो वर्षं त्यांच्यावर पडत राहतो, लोहातले इलेक्ट्रॉन जागा सोडतात आणि जांभळा रंग उमटतो. हाच खडा 400-500 अंशांपर्यंत तापवला की बहुधा पिवळा पडतो. बाजारातला पुष्कळसा ‘सुनेला’ असाच भाजून काढलेला ॲमेथिस्ट असतो. काही खडे नुसत्या उन्हानेही फिके पडतात. एवढा चंचल रंग पाहून खनिजाचं नाव ठरवणं धोक्याचं.

ओळख पटवायची तर आधी खडा काचेच्या बाटलीवर ओढा. क्वार्ट्झची कठिणता 7, काचेची साडेपाचच्या आसपास. काचेवर खोल चरा उठला तर क्वार्ट्झची शक्यता दाट. फ्लोराइटही जांभळं असतं, पण त्याची कठिणता 4, चाकूने ओरखडतं आणि सपाट पातळ्यांवर फुटतं. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला त्याचा साठा आहे, मात्र तिथले खडक लाव्ह्याच्या कितीतरी आधीचे. रंगीत कॅल्साइट त्याहून मऊ, आणि सौम्य आम्लाचा थेंब पडताच फसफसतं. खरा घोळ भट्टीतल्या काचेच्या गोळ्याचा. तोही क्वार्ट्झसारखाच वक्र फुटतो. भिंगातून आत गोल बुडबुडे दिसले, तर समजा की लाव्ह्याशी त्याचा संबंध नाही.

मला सर्वांत आवडते ती वजनाची चाचणी, कारण तिला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. कोरडा खडा तोलून घ्या. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा, आणि दोऱ्याने बांधलेला खडा पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता दिसतील तेवढे ग्रॅम म्हणजे खड्याचं घन सेंटिमीटरमधलं आकारमान. कोरडा खडा 53 ग्रॅम आणि पाण्यातला आकडा 20 आला, तर घनता 2.65, म्हणजे क्वार्ट्झ. तेवढ्याच वजनाच्या फ्लोराइटला हा आकडा 17च्या आतच राहील, त्याची घनता 3.18. खड्याला काळा दगड चिकटलेला असेल तर मात्र हिशेब चुकतो.

तरी तो दगड ठोकून काढू नका, घासूनपुसून चकाकवूही नका. खडा किती फुटांवर, मुरमात की मांजऱ्यात सापडला, तेवढं लिहून ठेवा. चाचणीला सुटा तुकडा घ्या आणि जोडलेला तसाच राहू द्या. या शतकाच्या सुरुवातीला राहुरीजवळ मोमीन आखाड्याला विहीर खणताना ॲपोफिलाइट या खनिजाचे हिरवेगार स्फटिक निघाले आणि संग्राहकांत जगभर गाजले. विहिरीतून काय वर येईल याचा नेम नाही.

खात्रीच हवी असेल तर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या भूशास्त्र संकुलात विचारणा करावी. अशा कामाची हुकमी चाचणी म्हणजे क्ष-किरण विवर्तन: भुकटीवर क्ष-किरण सोडून अणूंच्या थरांमधली अंतरं मोजायची. ती प्रत्येक खनिजाची निराळी. पण रंग देणारं लोह इतकं अल्प असतं, की पांढरी गारगोटी असो वा ॲमेथिस्ट, यंत्र दोन्हींना ‘क्वार्ट्झ’ एवढंच म्हणेल. पुढचं नाव ठेवायला पुन्हा डोळ्यांकडेच यावं लागतं.