कागदावरच्या बॅटलशिपचे वजन

मोंटाना ही अमेरिकेची सर्वांत मोठी बॅटलशिप ठरणार होती. तिच्यासह पाच नौकांना मंजुरी मिळाली, नावे ठरली, नकाशे तयार झाले. पण गोदीत पहिला पत्रा बसण्याआधीच, जुलै 1943 मध्ये, अमेरिकन नौदलाने सगळा बेत रद्द केला. मिडवेच्या लढाईनंतर समुद्रावरचे राज्य विमानवाहू नौकांकडे गेले होते आणि पोलाद तिकडेच हवे होते. तरीही मोंटाना आज रोज लढते आणि रोज बुडते. 2015 मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स’ या ऑनलाइन खेळात ती दहाव्या श्रेणीत उभी आहे.

या खेळात जर्मनीची बिस्मार्क, जपानची यामातो, अमेरिकेची आयोवा अशा खरोखर बांधलेल्या नौका आहेत, तशाच कधीच न बांधलेल्याही आहेत. काहींचे निदान नकाशे तरी होते. काही मात्र खेळ तयार करणाऱ्यांनी चार ठिकाणचे तुकडे जोडून उभ्या केल्या. नवी नौका येणार असली की तिची झलक आधी प्रसिद्ध होते: तोफा किती व केवढ्या, चिलखत किती जाड, वेग किती, वळायला किती जागा लागते. खेळाडूंची नजर आधी तोफांवर जाते. नौका बांधणारा अभियंता मात्र तोच तक्ता उलट्या बाजूने वाचेल. प्रत्येक आकडा पाहून तो एकच प्रश्न विचारील, ‘याचे वजन कुठून आणले?’

वजनाचे अंदाजपत्रक

बॅटलशिप म्हणजे तीन मागण्यांमधली तडजोड. मोठ्या तोफा हव्यात, जाड चिलखत हवे आणि वेगही हवा. तिन्हींना वजन लागते आणि नौकेने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनापेक्षा जास्त भार ती पेलू शकत नाही. आर्किमिडीजच्या या नियमाला कोणत्याही नौदलाला बगल देता आली नाही.

आयोवा आणि मोंटाना शेजारी ठेवल्या की हा हिशेब स्पष्ट दिसतो. दोघींच्या तोफा एकाच जातीच्या, 16 इंची म्हणजे 406 मिलिमीटरच्या. आयोवावर त्या नऊ, मोंटानावर बारा. आयोवाचे बाजूचे चिलखत सुमारे 307 मिलिमीटर, मोंटानाचे 409. आयोवाचे पूर्ण भारासह वजन सुमारे 57,500 टन, मोंटानाचे जवळपास 71,000. मग वेग? आयोवा 33 नॉट पळे. मोंटानाने 28 नॉटवर समाधान मानले असते. म्हणजे तीन जादा तोफा आणि दहा सेंटिमीटर जादा पोलादासाठी सुमारे साडेतेरा हजार टन आणि पाच नॉट मोजावे लागले.

आणखी एक किंमत होती, ती रुंदीची. पनामा कालव्याची जुनी दारे 110 फूट रुंद. आयोवाची रुंदी 108 फूट 2 इंच. दोन्ही बाजू धरून दोन फूटही मोकळे राहत नसत. मोंटाना 121 फूट रुंद असणार होती, म्हणजे त्या कालव्यातून ती जाऊच शकली नसती. तिच्यासाठी कालव्याला आणखी रुंद दारे करण्याची योजना होती. एका नौकेचा आकार बदलला की गोदी, कालवे, बंदरे सगळ्यांवर त्याचा भार पडतो. खेळातल्या तक्त्यात या खर्चाला रकाना नाही.

एक हौसेची नौका

आता खेळाडूंच्या मनातली नौका घेऊ. मोंटानाचा सांगाडा, त्यावर यामातोच्या 46 सेंटिमीटरच्या बारा तोफा आणि आयोवाचा 33 नॉट वेग. अशी झलक उद्या आली तर टाळ्या पडतील. हिशेब करून पाहू.

आयोवाचे तीन तोफांचे एक टरेट, म्हणजे फिरता तोफबुरूज, सुमारे 1,700 टनांचे; मोंटानाचेही तेवढेच धरू. यामातोचे एक टरेट सुमारे 2,500 टनांचे, म्हणजे त्या काळच्या एखाद्या विनाशिकेपेक्षाही जड. चार टरेट बदलली की इथेच 3,200 टन वाढले. यामातोचा चिलखतभेदी गोळा 1,460 किलोचा, अमेरिकन गोळा 1,225 किलोचा. प्रत्येक तोफेमागे शंभर गोळे धरले तर बारा तोफांमागे आणखी 280 टन. टरेटखालचे चिलखती कडे रुंद होणार, दारूकोठारे मोठी होणार, त्यांना झाकायला जास्त लांबीचे चिलखत लागणार. एका भागाचे वजन दुसऱ्याला वाढवते आणि नौका फुगत जाते.

त्याहून अवघड वेग. नौकेला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वरच्या वेगाला तर नौका स्वतःच उठवलेल्या लाटेशी झगडते, त्यामुळे त्याहूनही जास्त. 28 वरून 33 नॉटवर जायचे म्हणजे वेगात फक्त 18 टक्के वाढ. पण शक्ती सुमारे 64 टक्क्यांनी वाढवावी लागेल. मोंटानासाठी 1,72,000 अश्वशक्ती आखली होती, या नौकेला निदान 2,80,000 लागेल. आयोवाला 2,12,000 अश्वशक्तीवर 33 नॉट साधले, कारण ती हलकी आणि निमुळती होती. आपली हौसेची नौका दोन्ही नाही. वाढलेल्या बॉयलरना जागा हवी, जागेला लांबी हवी, लांबीला पुन्हा चिलखत. जर्मनीच्या एच मालिकेतील कागदी नौकांचे असेच झाले. बॉम्ब आणि गोळ्यांपासूनचे संरक्षण वाढवता वाढवता शेवटचा आराखडा, एच-44, एक लाख चाळीस हजार टनांपुढे गेला.

खेळात हे वजन कोणी भरत नाही. तिथे किंमत वेगळ्या चलनात वसूल होते: तोफा मोठ्या दिल्या की त्या भरायला जास्त वेळ लागतो, नेम विखुरतो किंवा नौका लवकर दिसते. प्रतिस्पर्ध्याला संधी राहावी म्हणून केलेली ही वाटणी आहे. समुद्रात प्रतिस्पर्ध्याची काळजी कोणी करत नाही. तिथे वसुली फक्त टनांत होते.

गोळा हवेत असताना

खेळाचा सर्वांत शास्त्रीय भाग म्हणजे गोळ्याचा प्रवास. गोळा सरळ रेषेत जात नाही, हवेच्या विरोधाने मंदावतो, वक्र मार्गाने उतरतो. त्यामुळे नौका आत्ता जिथे आहे तिथे नव्हे, तर गोळा पोचेल तेव्हा जिथे असेल तिथे नेम धरायचा.

खऱ्या आयोवाच्या तोफेतून गोळा सेकंदाला 762 मीटर वेगाने सुटे आणि साडेअडतीस किलोमीटरहून दूर जाई. त्या टोकाच्या पल्ल्याला त्याला दीड मिनिट लागे. तेवढ्यात 28 नॉटने जाणारी नौका सुमारे 1,300 मीटर पुढे सरकते. दीड मिनिटाच्या उड्डाणात पृथ्वीही फिरत असते. मध्यम अक्षांशांवर केवळ त्यामुळे गोळा शंभर मीटरांहून जास्त सरकू शकतो. हे सगळे गणित नौकेच्या पोटातली यांत्रिक गणकयंत्रे करत. खेळात पृथ्वी फिरत नाही, वारा वाहत नाही, आणि वेळही आटवलेली असते, कारण लढाई वीस मिनिटांत संपवायची असते.

लांबच्या पल्ल्यात दुसरा बदल होतो. जवळून मारलेला गोळा आडवा येऊन बाजूच्या चिलखतावर आदळतो. टोकाच्या पल्ल्यावरून तो 50 अंशांहून जास्त तिरका कोसळतो आणि थेट डेकवर पडतो. म्हणून प्रत्येक बॅटलशिपसाठी अंतराचा एक पट्टा असतो. त्याच्या अलीकडे बाजू फुटते, पलीकडे डेक फुटतो आणि मधल्या पट्ट्यात नौका सुरक्षित राहते. आयोवाचा हा पट्टा आधीच्या हलक्या गोळ्यांसाठी बेतलेला होता. मोंटाना 1,225 किलोचे स्वतःच्याच तोफांचे गोळे झेलू शकेल अशी आखली होती. आयोवापेक्षा तिचे खरे मोठेपण इथे होते.

सहा दशांश मिलिमीटरचा फरक

चिलखत तिरके धरले की ते जाड होते, हे साधे भूमितीचे सत्य आहे. 409 मिलिमीटरची फळी 60 अंश तिरकी झाली तर गोळ्याला तिच्यातून दुप्पट पोलाद कापावे लागते. खेळाडू म्हणूनच नौका शत्रूकडे कोनात धरतात. खेळाचा नियम असा, की चिलखतभेदी गोळा लंबरेषेपासून 60 अंशांहून जास्त तिरका आला तर तो उसळून जातोच.

याला एक अपवाद आहे. गोळ्याचा व्यास पत्र्याच्या जाडीच्या 14.3 पट किंवा जास्त असेल, तर कोन कितीही असो, गोळा आत घुसतो. मोंटानासारख्या वरच्या श्रेणीतल्या बहुतेक बॅटलशिपच्या नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, पत्रा 32 मिलिमीटरचा असतो. 32 गुणिले 14.3 म्हणजे 457.6. यामातोची तोफ 460 मिलिमीटरची, ती पास. खेळातल्या ‘ओहायो’ नौकेवर 457 मिलिमीटरच्या तोफा आहेत. ओहायो हे नाव मोंटाना वर्गातल्या दुसऱ्या नौकेसाठी खरोखर राखून ठेवले होते. पण 18 इंची तोफ अमेरिकेने फक्त प्रायोगिक म्हणून केली, ती कोणत्याही नौकेवर चढली नाही. खेळात ती चढली, आणि सहा दशांश मिलिमीटरने नापास झाली. समोरून येणाऱ्या नौकेच्या नाळेवर यामातोचे गोळे आरपार जातात, ओहायोचे उसळतात.

निसर्गात अशी सीमारेषा नसते. पातळ पत्र्यावर अवजड गोळा आदळला की पत्रा आधी वाकतो, मग फाटतो, आणि व्यास वाढत जाईल तशी ही शक्यता हळूहळू वाढते. संगणकाला मात्र कुठेतरी रेघ ओढावी लागते. नव्या नौकेच्या झलकेत तोफेचा व्यास पाहायचा तो याच रेघेच्या संदर्भात.

बुडते कशी

खेळ सर्वांत जास्त सवलत घेतो ती नुकसानीत. प्रत्येक नौकेला ठरावीक गुण असतात. मार बसेल तसे ते कमी होतात, दुरुस्तीने काही परत मिळतात, आणि शेवटचा गुण संपेपर्यंत तोफा धडधडत राहू शकतात. खऱ्या नौकांचा अंत असा सारखा नसे. 24 मे 1941 रोजी ब्रिटनची हूड बिस्मार्कशी गाठ पडल्यावर काही मिनिटांतच दारूकोठाराच्या स्फोटाने दुभंगली. 1,418 जणांपैकी तिघे वाचले. तीनच दिवसांनी बिस्मार्कचा अंत ओढवला तो सुकाणू अडकल्यामुळे. शेवटच्या लढाईत नेमबाजीची यंत्रणा लवकर निकामी झाली आणि नौका तरंगत असूनही लढू शकेना.

आणखी एक सोय खेळ बनवणाऱ्यांना आहे, अभियंत्यांना नव्हती. मोंटानाची सिटाडेल, म्हणजे इंजिने व दारूकोठारे झाकणारी चिलखती पेटी, खेळात सुरुवातीला पाण्याच्या बरीच वर ठेवली होती. बाजू दाखवली की मोंटाना लगेच मरते, अशी तक्रार झाली. पुढे एका अपडेटमध्ये ती पेटी खाली आणली. खऱ्या गोदीत असा बदल म्हणजे नवी नौका.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या काल्पनिक बॅटलशिपची झलक पाहाल, तेव्हा तोफांचा आकडा सगळ्यात शेवटी वाचा. आधी वेग पाहा, मग चिलखत, मग लांबी-रुंदी, आणि हे सगळे एका सांगाड्यात मावते का याची बेरीज करा. बेरीज जमली नाही तरी खेळ खुशाल खेळा. मात्र घरातली मुले हा खेळ खेळत असतील तर ही बेरीज त्यांनाच करायला सांगा. घन, कोन आणि घनता त्यातून त्यांच्या पक्क्या लक्षात राहतील.