गुंड, कळशी आणि कल्हई
लेखमाला : नवी कामं, आपला जिल्हा – भाग सहावा

गूगल कुठलं पान वर दाखवतं आणि कुठलं खाली ढकलतं, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. त्यानंतर भेटलेल्या जवळपास प्रत्येक विद्यार्थ्याने मला एकच विचारलं, "डिजिटल मार्केटिंगमध्ये यायचं आहे, कोर्स कुठला करू?" वरठीहून सकाळच्या गाडीने नागपूरला जाणारी कितीतरी पोरं आज असल्या क्लासच्या जाहिराती मोबाइलवर पाहतात. "शंभर टक्के नोकरी" असं त्यात लिहिलेलं असतं. घरचे धानाच्या चुकाऱ्यातून फीचे पैसे काढून देतात. म्हणून हे उत्तर मला घाईत द्यायचं नाही. कोर्स करा, पण त्याआधी एक दुकान गाठा.

भंडारा ही पितळनगरी. इथल्या भांड्यांच्या एका दुकानात लग्नसराईच्या दिवसांत मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीला घेऊन दुपारभर बसलो. दुकानदार ओळखीचे होते, त्यांची हरकत नव्हती. तिच्याकडे वही होती आणि काम एकच : गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, शुद्ध करायचं नाही. "गुंड हाये का जी?" "गंगार केवढ्याले?" "आंदणाचा पूर्ण संच किती पर्यंत बसंल?" "हे कासं आहे का पितळ?" "कल्हई करून देता का?" "जुनी भांडी मोडीत घेता?" दिवेलागणीपर्यंत दोन पानं भरली. मार्केटिंग म्हणजे इन्स्टाग्रामसाठी पोस्टर करणं, असं ती येताना समजत होती. जाताना म्हणाली, "सर, एवढ्या लोकांनी विचारलं, पण दुकानाच्या फेसबुक पानावर यातल्या एकाचंही उत्तर नाही." या कामात ती त्याच क्षणी शिरली, असं मला वाटतं.

आता त्या वहीचं काय होतं ते पाहा. पाणी आणायच्या भांड्याला आपण गुंड म्हणतो. पुण्याकडे त्याला कळशी म्हणतील, कुणी हंडा म्हणेल. मोबाइलवर नुसतं "गुंड" टाकलं की मारामाऱ्यांच्या आणि अटकेच्या बातम्या समोर येतात. म्हणजे आपल्या बाजाराचा रोजचा शब्द शोधयंत्राच्या दृष्टीने वेगळ्याच माणसांचा आहे. तो टाकून द्यायचा का? नाही. "पितळी गुंड, कळशी, हंडा" असं सगळं एकत्र, फोटोखाली आणि वस्तूच्या वर्णनात लिहायचं. शिवाय आपला गिऱ्हाईक मराठी बोलतो, पण टाइप बऱ्याचदा इंग्रजी अक्षरांत करतो. बालाघाट-गोंदियाकडून येणारा हिंदीत विचारतो. या तिन्ही रीती ज्याला ठाऊक आहेत तो मुलगा मुंबईच्या एजन्सीतल्या माणसापेक्षा या दुकानासाठी जास्त कामाचा आहे. मी हे मन राखायला म्हणत नाही, हिशेबाने म्हणतो.

हिशेबच मांडू. समजा दुकानाने गूगलवर रोज २०० रुपयांची जाहिरात लावली आणि एका क्लिकला ४ रुपये पडले, तर ५० क्लिक मिळतील. जाहिरात "पितळ भाव" या शोधावरही दिसत असेल, तर त्यातले ३० जण जुनी भांडी मोडीत घालायला भाव पाहणारे निघू शकतात. ते काहीच घेणार नाहीत, १२० रुपये गेले. उरलेल्या २० जणांपैकी ४ जणांनी फोन केला, तर एक फोन ५० रुपयांना पडला. आता "मोड", "भंगार", "आजचा भाव" हे शब्द वगळायच्या यादीत घातले. यालाच नेगेटिव्ह कीवर्ड म्हणतात. तेच २०० रुपये आता खरेदीदारांवर खर्च झाले, तर त्याच प्रमाणाने १० फोन येतील आणि एक फोन २० रुपयांना पडेल. लोकांनी नेमकं काय टाइप केलं तेव्हा जाहिरात दिसली, याचा अहवाल गूगल ॲड्समध्ये मिळतो. तो रोज उघडून वाचणं हेच नवशिक्याचं खरं काम. वगळायचे शब्द सुचतात कुठून? त्या वहीतून.

जास्त पैसे लावले की जाहिरात वर येते, हाही एक गैरसमज. प्रत्येक शोधाच्या वेळी लिलाव होतो, पण त्यात बोलीबरोबर जाहिरातीचा आणि पानाचा दर्जाही मोजला जातो. शोध कल्हईचा आणि पान उघडल्यावर दिसतात स्टीलच्या ताटल्या, तर मोठी बोली लावणाराही मागे पडू शकतो.

अर्थात जाहिरातीच्या आधी फुकटचं काम संपवा. गूगल बिझनेस प्रोफाइलला पैसे लागत नाहीत. जवळच्या दुकानांचा क्रम लावताना गूगल मुख्यतः तीन गोष्टी पाहतं : शोधाशी किती जुळतं, अंतर किती आणि दुकानाचं नाव किती ठळक आहे. अंतर तुमच्या हातात नाही, बाकीचं बरंचसं आहे. आम्ही बसलो त्या दुकानाची नकाशावरची खूण चक्क मागच्या गल्लीत होती. वार, वेळा, फोन, कल्हईची सोय, दाराचा दिवसाउजेडी काढलेला फोटो, एवढं नीट करायला एक दुपार पुरली. मग व्हॉट्सॲप बिझनेसवर वस्तूंची यादी चढवली. हे ॲप २०१८ पासून मोफत आहे आणि आपल्याकडच्या दुकानदाराला वेबसाइटपेक्षा ते लवकर पचतं.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. खातं दुकानदाराच्याच नावाने, त्याच्याच नंबरवर उघडा. स्वतःला फक्त मॅनेजर म्हणून जोडून घ्या. माझ्या नात्यातल्या एका दुकानाचं पान असं काम करणाऱ्याने स्वतःच्या नावावर काढलं होतं. व्यवहार तुटला, पान गेलं, त्याबरोबर लोकांनी लिहिलेले चांगले अभिप्रायही गेले. त्या काकांचा चेहरा मी विसरलेलो नाही. अभिप्राय विकत आणणं किंवा सूट देऊन लिहून घेणं हेही करू नका. गूगलच्या नियमांत ते बसत नाही. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे फसव्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दुकानदाराला हे माहीत नसतं, तुम्हाला असलं पाहिजे.

पितळावरच थांबायचं कारण नाही. मोहाडी तालुक्यात आंधळगावला कोशाचं विणकाम चालतं. विणकर म्हणतो कोसा, शहरातली बाई शोधते टसर. हे दोन शब्द एकमेकांना भेटत नाहीत, आणि मधल्या जागेत व्यापारी बसतो. मला या व्यवसायात सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे. ज्याने साडी विणली त्याचा फोन नंबर कुठेच नसतो. मागावर सूत जोडणाऱ्या हातांचा एक मिनिटाचा व्हिडिओ, खाली "कोसा म्हणजेच टसर" असं सरळ लिहिलेलं, करवतकाठी किनारीला करवतीचं नाव का पडलं ते त्या दातेरी नक्षीवर बोट ठेवून दाखवलेलं – एवढं करायला फोन आणि ओळख पुरते. साकोलीकडे नागझिऱ्याच्या पिटेझरी गेटजवळ राहण्याची सोय करणाऱ्यांचा प्रश्न निराळा आहे. पावसाळ्यात सफारी बंद असते, त्यामुळे कुठल्या महिन्यात खर्च करायचा हेच तिथलं मुख्य ठरवणं. गूगल ट्रेंड्स उघडून "नागझिरा"चा वर्षभराचा आलेख पाहा, चढउतार डोळ्यांनी दिसतील. तुमसरचा तांदूळ, भंडाऱ्याचा चिन्नोर यांवर तर स्वतंत्र भाग लिहावा लागेल.

आता कोर्स. गूगलच्या स्किलशॉपवर सर्च जाहिराती आणि ॲनालिटिक्सचे धडे आणि परीक्षा मोफत आहेत. प्रमाणपत्र एक वर्ष चालतं, पुढे परीक्षा पुन्हा द्यायची. हबस्पॉट अकॅडमीचे अभ्यासक्रमही फुकट आहेत. मेटा ब्लूप्रिंटचे धडे मोफत, त्यांच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र पैसे पडतात. इंग्रजी अडलं तर धडा दोनदा पाहा आणि प्रत्येक संज्ञेपुढे आपल्या दुकानातलं उदाहरण लिहा. पैसे भरून क्लास लावायचाच असेल तर तिथे एकच विचारा : "शिकताना खऱ्या खात्यावर, खऱ्या पैशांनी जाहिरात चालवायला मिळेल का?" जुन्या नोट्स वाटणारे क्लास इथेच ओळखू येतात. जुनं यूनिव्हर्सल ॲनालिटिक्स १ जुलै २०२३ ला बंद झालं. अजून तेच कुणी शिकवत असेल तर तिथून निघा.

एआयची भीती अनेकांनी बोलून दाखवली. ती खोटी नाही. "आमच्याकडे उत्तम दर्जाची भांडी मिळतील" अशी वाक्यं लिहून देण्याचे पैसे आता कुणी देणार नाही. गिऱ्हाईक "कासं का पितळ" असं का विचारतो, त्याला कशाची धास्ती आहे, हे मात्र काउंटरवर बसल्याशिवाय कळत नाही.

तीन महिने एका दुकानाचं काम मनापासून करा आणि त्याची दोन पानी नोंद ठेवा. आधी महिन्याला किती फोन येत होते, काय बदललं, मग किती आले, किती खर्च झाला, आणि काय फसलं. शेवटचा रकाना गाळू नका. नागपूरच्या एखाद्या एजन्सीत मुलाखतीला जाल तेव्हा समोरचा माणूस प्रमाणपत्र बाजूला ठेवून त्याच रकान्यावर प्रश्न विचारेल, कारण रोज त्याच्याही जाहिराती फसत असतात. नोंद दाखवण्याआधी दुकानदाराची परवानगी घ्या, गिऱ्हाइकांचे नंबर झाका. शिक्षण संपलेल्यांनी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचीही चौकशी करावी. राज्य सरकारने २०२४ मध्ये ती आणली तेव्हा विद्यावेतन बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये ठरलं होतं. सध्याचे नियम काय आहेत ते जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात विचारून घ्या.

आणि घरूनच, बाहेरची कामं करता येतील का? येतात, पण पहिलं काम ओळखीतूनच मिळतं. भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री नाटक असतं, पाहुणे घरी उतरतात. त्यांच्यात कुणी गिरणीवाला असतो, कुणी कपड्यांचा दुकानदार. नाटकाला माणसं कशी जमवायची हे तर झाडीपट्टीतल्या प्रत्येक मंडळाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. गाडीवर भोंगा लावून कुठल्या गावात, किती वाजता, कुणाचं नाव आधी पुकारायचं, हे त्यांना विचारा आणि वहीत लिहून घ्या.

पुढच्या आठवड्यात आपण एक खरी जाहिरात पहिल्या शब्दापासून लिहू. त्यासाठी तुमच्या ओळखीच्या एका दुकानात दुपारभर बसा आणि गिऱ्हाइकांचे वीस प्रश्न त्यांच्याच बोलीत उतरवून ठेवा. त्या मुलीची वही मी मागून घेतली आहे; सुरुवात तिच्या चौथ्या ओळीपासून करू, "हे कासं आहे का पितळ?"