विमानाचें स्वस्त तिकीट व त्याची खरी किंमत

‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण आपल्याकडे फार जुनी आहे. विमानें नव्हतीं त्या काळीं ती जन्मली. तथापि आजच्या विमानप्रवासास ती जितकी लागू पडते तितकी दुसऱ्या कशास क्वचितच पडत असेल. पूर्वीं विमानानें जाणें हें श्रीमंतांचें काम समजलें जाई. आतां पुष्कळ विद्यार्थ्यांचे वडील, भाऊ व बहिणी नोकरीनिमित्त दुबईस, कुवेतास, दिल्लीस किंवा बंगळूरास विमानानेंच जातात-येतात. तिकिटाचा लहानसा आंकडा पाहून मनुष्य हर्षित होतो, आणि विमानतळावर आपलें सामान कांट्यावर चढतांच त्याचा हर्ष मावळतो. असें कां होतें, त्यांत लबाडी किती व व्यवहार किती, आणि आपला बचाव कसा करावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

सामानास भाडें घेणें ही गोष्ट मुळींच नवी नाहीं. आगगाडीच्या स्लीपर वर्गांत प्रत्येक उतारूस ४० किलो, तर दुसऱ्या वर्गांत ३५ किलो सामान विनामूल्य नेतां येतें. त्याहून अधिक असल्यास लगेज नोंदवून पैसे भरावे, असा नियम आहे. एस. टी. मध्येंहि मोठें बोचकें दिसलें कीं कंडक्टर लगेजचें तिकीट फाडतो. परंतु आगगाडींत सहसा कोणी वजन करीत नाहीं. म्हणून हा नियम आपल्या ध्यानांत राहत नाहीं.

विमानाची गोष्ट निराळी. आगगाडीच्या डब्यांत मणभर ओझें अधिक झालें तर इंजिनास त्याची खबरहि लागत नाहीं. विमानास मात्र प्रत्येक किलो उचलून आकाशांत न्यावा लागतो व त्यासाठीं इंधन जाळावें लागतें. १८० आसनांच्या विमानांतील प्रत्येक उतारूनें १५ किलोची बॅग दिली, तर नुसत्या बॅगांचें वजन २,७०० किलो भरतें. शिवाय तें सामान चढविण्या-उतरविण्यास माणसें, गाड्या आणि वेळ लागतो. जमिनीवर उभें असलेलें विमान एक पैसाहि मिळवीत नाहीं. म्हणून स्वस्त भाड्याच्या कंपन्यांचा सारा प्रयत्न उतरलेलें विमान अर्ध्या तासाच्या आंतबाहेर पुन्हा उडविण्याकडे असतो. पॅसिफिक महासागरांतील सामोआ एअर या छोट्या कंपनीनें तर उतारूचें स्वतःचें वजन सामानासह मोजून किलोमागें भाडें आकारण्याची रीत काढली, व २०१३ सालीं तिची जगभर चर्चा झाली. तात्पर्य, वजनावर पैसे घेण्यास कांहीं आधार आहे, हें प्रथम मान्य केलें पाहिजे.

परंतु हें एकच कारण नव्हे. पूर्वीं विमानाच्या तिकिटांत सामान, जेवण व आसन हीं सर्व एकत्र असत. अमेरिकेंत १९७८ सालीं विमानभाड्यावरील सरकारी नियंत्रण उठविणारा कायदा झाला, आणि कंपन्यांत भाडें उतरविण्याची चढाओढ लागली. पुढें आयर्लंडच्या रायनएअर कंपनीनें २००६ सालीं विमानाच्या पोटांत ठेवावयाच्या बॅगेस निराळा आकार लावला. २००८ सालीं तेल महागलें, तेव्हां अमेरिकन एअरलाइन्सनें पहिल्याच बॅगेस १५ डॉलर घेण्यास आरंभ केला, व इतरहि कंपन्या त्याच वाटेनें गेल्या. पुढें तेल उतरलें, पण बॅगेचा आकार कांहीं उतरला नाहीं! तो चुकविण्यासाठीं लोक बॅगा हातांतूनच आंत नेऊं लागले व डोक्यावरील कप्पे भरून गेले. तेव्हां २०१० सालीं स्पिरिट या कंपनीनें त्या कप्प्यांतील बॅगेवरहि आकार बसविला. ‘दोन बॅगा फुकट’ हें ज्या साउथवेस्ट कंपनीचें ब्रीद होतें, तिनेंहि २०२५ सालच्या मे महिन्यांत तें सोडून दिलें. ज्या आकाराचें कारण तेल म्हणून सांगितलें गेलें, तो तेल स्वस्त झाल्यावरहि राहिला, यावरून तो कंपन्यांस किती लाभदायक ठरला हें कळतें. संगणकावर तिकिटें शोधतांना सर्वांत लहान आंकडा सर्वांच्या वर दिसतो. म्हणून तिकिटांतून जें जें काढतां येईल तें काढून मूळ आंकडा लहान ठेवावा, आणि काढलेल्या वस्तू मागाहून एक एक विकाव्या, हें या धंद्याचें मर्म आहे.

आपल्या देशांत १९९४ सालीं खासगी कंपन्यांस नियमित विमानसेवेचा मार्ग कायद्यानें मोकळा झाला. २००३ सालीं कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कननें स्वस्त भाड्याची प्रथा पाडली. त्यानंतर २००५ सालीं स्पाइसजेट, २००६ सालीं इंडिगो व २०२२ सालीं अकासा एअर या कंपन्या आल्या. २०२१ सालच्या फेब्रुवारींत नागरी विमानवाहतूक महासंचालनालयानें काउंटरवर सामान न देणाऱ्या उतारूस कमी भाडें लावण्याची मुभा कंपन्यांस दिली. मात्र अशा जादा सेवा उतारूनें स्वतः निवडल्या तरच त्यांचे पैसे घ्यावे, त्या आपोआप जोडूं नयेत, असाहि नियम आहे.

आतां तिकिटाचीं अंगें पाहूं. मूळ भाडें, विमानतळाचे आकार व साध्या वर्गावरील ५ टक्के जी. एस. टी. हीं सर्वांसच द्यावीं लागतात. त्यांवर सामान, मनपसंत आसन, जेवण, आणि संगणकावरून पैसे भरण्याबद्दल ‘कन्व्हीनियन्स फी’ या गोंडस नांवाचा आकार येतो. आसन न निवडलें तरी कंपनी कोणतें तरी आसन देतेच. तेव्हां खिडकीचा आग्रह नसेल तर तो खर्च वांचतो. रद्द केलेल्या तिकिटाचे पैसे परत मिळत नसले तरी विमानतळाचे व सरकारी आकार परत मागण्याचा उतारूस हक्क आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असतें.

सामानाचे नियम मात्र जरा सावकाश वाचले पाहिजेत. देशांतल्या देशांत साध्या भाड्यावर बहुधा ७ किलोची एक बॅग आंत नेतां येते व १५ किलो सामान काउंटरवर देतां येतें. आंतील बॅगेची लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज सामान्यतः ११५ सेंटिमीटरच्या आंत असावी लागते. कांहीं कंपन्या ‘१५ किलो’ म्हणजे ‘१५ किलोचा एकच नग’ असा अर्थ करतात. म्हणून आठ व सात किलोच्या दोन पिशव्या नेल्यास वजन बरोबर असूनहि दुसऱ्या नगाचे पैसे पडतात. एकच बॅग ३२ किलोहून जड असल्यास ती सहसा घेतच नाहींत. कारण ती उचलणाराहि मनुष्यच आहे व त्याची पाठ जपली पाहिजे. पॉवर बँक काउंटरवरील बॅगेंत ठेवूं नये, ती जवळच बाळगावी लागते.

हे आकडे हिशेबांत कसे उतरतात तें पाहा. समजा, ‘क’ कंपनीचें सामानाविना भाडें ३,९०० रुपये आहे व ‘ख’ कंपनीचें १५ किलो सामानासह ४,५०० रुपये आहे. दोन्हीकडे कन्व्हीनियन्स फी ३०० रुपये व निवडलेल्या आसनाचे २५० रुपये आहेत. ‘क’ कंपनीकडे बॅग आगाऊ नोंदविण्यास १,००० रुपये पडतात. आतां आजोबांस बॅग न्यावयाची आहे व खिडकीजवळ बसावयाचें आहे. त्यांस ‘क’कडे ५,४५० रुपये व ‘ख’कडे ५,०५० रुपये पडतील, म्हणजे स्वस्त दिसणारें तिकीट ४०० रुपयांनीं महाग. परंतु त्यांच्या नातवाजवळ सहा किलोची पाठीवरची पिशवीच आहे व कोठेंहि बसण्याची त्याची तयारी आहे. त्यास ‘क’कडे ४,२०० रुपये व ‘ख’कडे ४,८०० रुपये पडतील, त्याचे ६०० रुपये वांचले. यावरून ध्यानांत येईल कीं, अमुक कंपनी स्वस्त व अमुक महाग असें सरसकट म्हणतां येत नाहीं; जाणारा कोण व त्याचें ओझें किती, यावर तें ठरतें. आतां आजोबांची बॅग चार किलो अधिक भरली व काउंटरवर किलोस ६०० रुपये दर असला, तर २,४०० रुपयांचा भुर्दंड निराळाच!

ही पद्धति न्याय्य आहे काय? ज्याजवळ सामान नाहीं त्यानें दुसऱ्याच्या सामानाचें भाडें कां भरावें, हा कंपन्यांचा प्रश्न योग्य आहे. परंतु कोठें तरी मर्यादा हवी, असें अनेक देशांस वाटलें. युरोपच्या न्यायालयानें २०१४ सालीं असा निर्णय दिला कीं, पोटांतील बॅगेस आकार लावण्यास हरकत नाहीं, मात्र वाजवी वजनाची व मापाची हातांतील बॅग तिकिटांतच धरली पाहिजे. तरीहि तंटा मिटला नाहीं; २०२४ सालीं स्पेनच्या सरकारनें पांच कंपन्यांस मिळून सुमारें १७ कोटि ९० लक्ष युरो दंड केला. आपल्याकडेहि १५ ते २० किलोंच्या दरम्यानच्या वजनास किलोमागें १०० रुपयांहून अधिक घेऊं नये असा हुकूम २०१६ सालीं निघाला होता. पण दिल्लीच्या उच्च न्यायालयानें तो २०१७ सालीं रद्द ठरविला.

माझ्या मतें खरा दोष निराळ्याच ठिकाणीं आहे. या पद्धतींत भुर्दंड बहुधा त्यासच बसतो, ज्यास नियम वाचतां येत नाहींत किंवा वाचावयास सवड नसते. शिकलेला मनुष्य घरीं बसून बॅग आगाऊ नोंदवितो व थोडक्यांत सुटतो. प्रथमच आखाती देशांत कामास निघालेला मजूर रांगेंत उभा राहून तिच्या कितीतरी पट मोजतो, आणि पैसे नसले तर आईनें बांधून दिलेले पापड, कोकमें व मसाल्याची पुडी तेथेंच काढून ठेवतो. रायनएअर कंपनी विमानतळावर चेक-इन करणाऱ्या प्रत्येकाकडून २०२३ सालीं ५५ पौंड घेत असे. तेंच काम मोबाइलवर आगाऊ केल्यास फुकट होतें. न वाचणाऱ्याच्या खिशांतून वाचणाऱ्याच्या स्वस्त तिकिटाचा कांहीं भार भरला जातो, हें कटु असलें तरी सत्य आहे.

म्हणून पालकांस व विद्यार्थ्यांस कांहीं सूचना करतों. तिकीट काढण्यापूर्वीं सर्व आकार एका कागदावर मांडून बेरीज करा व त्या बेरजांचीच तुलना करा. सामान अधिक होणार असें दिसलें तर तें आगाऊ नोंदवा; काउंटरवरील दर जवळजवळ नेहमींच चढा असतो. बॅग घरींच तोला; ताणकांटा नसेल तर माणसानें बॅगेसह व बॅगेविना कांट्यावर उभें राहून वजाबाकी करावी. रिकाम्या बॅगेचें वजनहि हिशेबांत धरा. दोन विमानें बदलावयाचीं असून तिकिटें निराळीं असतील, तर ज्या विमानाची मुभा कमी त्याच मापानें सामान बांधा. मुंबईहून पुढें ३० किलो चालत असले तरी गोव्याहून मुंबईस येतांना १५च चालतील. येतांनाचे नियमहि जातांनाच वाचून ठेवा. आणि पैसे भरण्यापूर्वीं, न मागितलेली एखादी सेवा यादींत शिरली नाहीं ना, हें पाहा.

विद्यार्थिमित्रहो, हें काम तुमच्या हातचें आहे. तुम्हांस बेरीज-वजाबाकी येते, इंग्रजी नियम वाचतां येतात, आणि मोबाइल तर तुमच्या हातांत खेळतोच. घरांतील कोणी वडील मनुष्य प्रवासास निघत असेल, तर त्यांच्यापाशीं बसून तो बारीक अक्षरांतील मजकूर त्यांस मराठींत समजावून सांगा, व त्यांची बॅग स्वतः तोलून पाहा. शाळेंत मिळविलेली विद्या घरच्या माणसाचे दोन हजार रुपये व काउंटरवरचा अपमान वांचवील, तर ती सार्थकीं लागली असें खुशाल समजावें.