थकव्यामागच्या दोन ग्रंथी

महिनोन्‌महिने न हटणारा थकवा हा बहुतेक वेळा स्वतंत्र आजार नसून अनेक आजारांचे सामाईक लक्षण असतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. तेव्हा हिमोग्लोबिन न पाहताच संप्रेरकांवर ठपका ठेवणे चुकीचे ठरते. मधुमेह, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, झोपेत श्वास अडखळणे आणि नैराश्य ही कारणेही तितकीच नेहमीची आहेत. त्यांचा विचार करतानाच ज्या दोन ग्रंथींकडे लक्ष द्यावे लागते, त्यांपैकी एक गळ्याच्या पुढील भागात असलेली अवटू, म्हणजेच थायरॉईड, आणि दुसरी दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर जोडीने असणारी अधिवृक्क ग्रंथी. या ग्रंथी संप्रेरके, म्हणजे थेट रक्तात मिसळून दूरच्या अवयवांचे काम नियंत्रित करणारी रसायने, तयार करतात आणि दोहोंवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा अंमल चालतो.

अवटूचे थायरॉक्सिन हे संप्रेरक शरीरातील चयापचयाचा वेग ठरवते. ते कमी पडले की थकव्याबरोबर थंडी सोसेनाशी होते, बद्धकोष्ठता जडते, त्वचा कोरडी पडते, केस गळतात आणि अनेक स्त्रियांना पाळीत जास्त रक्तस्राव होतो. ही तूट भरून काढण्यासाठी पीयूषिका टीएसएच हे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडते, म्हणूनच अवटू मंदावली असता रक्तातील टीएसएच वाढलेले दिसते. शरीराच्या संरक्षक पेशींनी आपल्याच अवटूवर हल्ला करणे हे याचे एक प्रमुख कारण असून, हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यवैद्याने १९१२ साली त्याचे वर्णन केले. मात्र थायरॉक्सिन प्रमाणात आणि टीएसएच किंचित वाढलेले, अशा सीमेवरच्या अहवालावर सरसकट गोळी सुरू करण्याची पद्धत तपासून पाहण्याजोगी आहे, कारण अशा ६५ वर्षांवरील रुग्णांवर युरोपात झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गोळीमुळे थकवा कमी झाल्याचे दिसले नाही. टीएसएच १० च्या वर गेले किंवा गर्भधारणा असली, की उपचाराची बाजू भक्कम होते.

उपचारातील अपयश पुष्कळदा औषधात नसते, ते घेण्याच्या रीतीत असते. लिव्होथायरॉक्सिनची, म्हणजे कृत्रिम थायरॉक्सिनची, गोळी सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घेऊन पुढे किमान अर्धा तास, शक्यतो तासभर, काहीही न खाणे अपेक्षित असते. पण ज्या घरात डोळे उघडताच चहाचे आधण चढते, तिथे गोळी आणि चहा एकाच घोटात जातात आणि औषधाचा बराच अंश आतड्यातून शोषलाच जात नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांमुळेही शोषण अडते, म्हणून त्या चार तासांनी घ्याव्यात. थायरॉक्सिनची रक्तातील पातळी निम्म्यावर येण्यास सुमारे आठवडा लागत असल्याने, मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच टीएसएच पुन्हा तपासण्यात अर्थ असतो. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांमुळे अहवाल फसवा येऊ शकतो, ही गोष्ट रक्त देण्यापूर्वी प्रयोगशाळेत सांगायला हवी.

अधिवृक्काचे दुखणे त्या मानाने दुर्मीळ, पण जिवावर बेतणारे. लंडनच्या डॉ. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली त्याचे वर्णन केले, तेव्हा त्यांच्या अनेक रुग्णांच्या ग्रंथी क्षयाने नासलेल्या होत्या, आणि भारतात क्षय हे कारण आजही विसरून चालत नाही. कॉर्टिसोलसह या ग्रंथीची संप्रेरके आटल्यामुळे वजन घटते, उठून उभे राहताच चक्कर येते, मळमळते आणि मीठ किंवा लोणचे सारखे खावेसे वाटते. तळहातांवरच्या रेषा, बोटांचे सांधे, हिरड्या आणि जुने व्रण काळवंडतात. सकाळी आठच्या सुमाराचे कॉर्टिसोल आणि त्यानंतर ग्रंथीला चेतवून केलेली चाचणी यांवरून निदान पक्के होते.

याउलट, ताणामुळे अधिवृक्क ‘थकते’ आणि लाळेच्या तपासणीत ते कळते, हा पूरक गोळ्या विकणाऱ्यांचा दावा टिकत नाही. २०१६ साली ५८ अभ्यासांच्या आढाव्यातून त्याला आधार मिळाला नाही. खरा धोका वेगळाच आहे. गुडघेदुखीवर वा दम्यावर हमखास उतारा म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेले आढळते आणि तीच औषधे दुकानातून चिठ्ठीशिवायही घेतली जातात. कॉर्टिसोलसारखे काम करणारे हे स्टिरॉइड बाहेरून मिळू लागल्यावर पीयूषिका आपला आदेश थांबवते, अधिवृक्क निष्क्रिय होते, चेहरा गोल व हातपाय बारीक होतात, आणि पुडी एकाएकी बंद झाली की रुग्ण गळून पडतो.

दोन्ही ग्रंथी एकाच वेळी मंदावल्या असतील, तर क्रम महत्त्वाचा ठरतो: आधी कॉर्टिसोलची उणीव भरून काढणारे हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉक्सिन. थायरॉक्सिनमुळे कॉर्टिसोलचे विघटन वेगाने होत असल्याने उलट क्रम प्राणघातक ठरू शकतो. बाळंतपणातील अतिरक्तस्रावाने पीयूषिकेला इजा झालेल्या शीहान विकारात दूध येत नाही, पाळी परतत नाही आणि थकवा वर्षानुवर्षे राहतो. अशा स्त्रीचे टीएसएच सामान्यही दिसू शकते, त्यामुळे केवळ त्या एका आकड्यावर विसंबल्यास निदान हुकते. थायरॉक्सिन व कॉर्टिसोल दोन्ही मोजणे आणि बाळंतपणाचा इतिहास विचारणे इथे अटळ आहे.

अधिवृक्काचा आजार असलेल्यांनी ताप आल्यास हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा डॉक्टरांनी आधी सांगून ठेवल्याप्रमाणे दुप्पट किंवा तिप्पट करावी आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर इंजेक्शनसाठी थेट रुग्णालय गाठावे. आजाराची नोंद असलेले कार्ड सदैव जवळ बाळगावे आणि स्टिरॉइडची कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.