बुरख्याआडचा काका

गुन्हेगाराने तोंड झाकावे, यात नवल नाही. परंतु झाकलेल्या तोंडाचा धनी घरचाच काका निघावा आणि त्याला उघडे पाडणारा वीरही स्वतः दुहेरी आयुष्य जगत असावा, असा योग १९४६ च्या जून महिन्यात अमेरिकी नभोवाणीवर जुळून आला. सुपरमॅनची श्रुतिकामालिका तेथे १९४० पासून चालू होती. न्याहारीच्या तयार धान्यांचा व्यापार करणारी केलॉग कंपनी तिचा खर्च उचलीत असे, आणि शाळेतून परतलेली मुले हा तिचा मुख्य श्रोतृवर्ग होता. अशा निरुपद्रवी जागी १० जून ते १ जुलै या काळात १६ भागांची एक कथा सादर झाली. तिचे नाव ‘क्लॅन ऑफ द फायरी क्रॉस’, म्हणजे ज्वलंत क्रुसाचा संघ. कू क्लक्स क्लॅनचा नामोल्लेख तीत नव्हता. पण झगे, बुरखे आणि अंगणात पेटविलेला क्रूस एवढी सामग्री समोर आल्यावर हा संघ कोणता, हे कोणास सांगावे लागले नाही.

वेळही नेमकी होती. आदल्याच वर्षी, १९४५ च्या ऑक्टोबरात, जॉर्जियातील स्टोन माउंटनवर क्लॅनने पुन्हा क्रूस पेटविला होता, आणि १९४६ च्या मे महिन्यात त्याच डोंगरावर नव्या सभासदांचा मोठा दीक्षाविधी पार पडला होता.

श्रुतिकेची कथा साधी आहे. मुलांच्या बेसबॉल संघात टॉमी ली हा चिनी वंशाचा मुलगा येतो आणि चेंडू टाकण्याची चक रिग्जची जागा त्याच्याकडे जाते. चक खट्टू होतो. असे रुसवे मुलांच्या खेळात रोजच होतात आणि दोन दिवसांत विरतातही. पण चकचा काका मॅट रिग्ज या बालिश रुसव्याला गोऱ्यांच्या अपमानाचे रूप देतो, कारण गावात सभ्य म्हणून वावरणारा हा गृहस्थ रात्री बुरखा चढवून संघाचा प्रमुख होत असतो. लीच्या घरापुढे क्रूस जळतो, मुलाच्या जिवावर बेतते, वृत्तपत्राच्या संपादकाला पळविले जाते. सुपरमॅन अर्थातच धावून येतो. त्याच्या उड्डाणांत मात्र या कथेचे बळ नाही. काकाचे गुपित ठाऊक असलेला चक खरी झुंज देतो. एकीकडे रक्ताचे नाते आणि दुसरीकडे निरपराध सवंगडी, अशा कात्रीत सापडलेला तो मुलगा अखेर काकाची बाजू सोडतो. पोलादाच्या माणसाला पेलावे लागले नाही असे ओझे एका शाळकरी पोराने पेलले, आणि ऐकणारी मुले त्याच्याच वयाची होती.

कथेतील दुसरा उल्लेखनीय प्रसंग मोठ्यांसाठी आहे. मॅट रिग्ज आपल्या वरिष्ठाकडे जातो, तेव्हा तो वरिष्ठ त्याच्या भोळेपणाला हसतो. वंशशुद्धीच्या गप्पा गिऱ्हाइकांसाठी. आपण द्वेष विकतो, झगे विकतो, वर्गणी गोळा करतो, असा त्याचा रोकडा हिशेब आहे. म्हणजे बुरख्याच्या आत आणखी एक बुरखा, आणि श्रद्धाळू गुन्हेगार हाच तेथे फसविला गेलेला!

ही निव्वळ कल्पना नव्हती. १९१५ मध्ये पुनरुज्जीवित झालेल्या क्लॅनने १९२० नंतर पगारी प्रचारक नेमले. प्रवेशाच्या १० डॉलरांपैकी ४ डॉलर सभासद गाठून आणणाऱ्या दलालाला मिळत, आणि झगाही संघटनेकडूनच विकत घ्यावा लागे. सभासदसंख्या लाखांत गेली ती या व्यवस्थेमुळे. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही मराठी म्हण क्लॅनलाही चुकली नाही: १९४४ मध्ये सरकारने ६ लाख ८५ हजार डॉलरच्या थकित प्राप्तिकराचा तगादा लावला, तेव्हा राष्ट्रीय संघटनाच विसर्जित करावी लागली. नीतीच्या उपदेशाने जे साधले नाही, ते करखात्याच्या कारकुनाने साधले.

बुरख्याआड कोण असे, याचे उत्तरही दलालांच्या या यशातच आहे. व्यापारी, वकील, पोलीस असे नित्याच्या ओळखीचे लोक त्यांना सापडत. अलाबामाचे सिनेटर ह्यूगो ब्लॅक १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयावर नियुक्त झाले आणि ते पूर्वी क्लॅनचे सभासद होते, हे त्यानंतर वृत्तपत्राने उघड केले. १ ऑक्टोबर १९३७ रोजी त्यांनी नभोवाणीवरून सभासदत्वाची कबुली दिली व ते केव्हाच सोडल्याचे सांगितले. हेच ब्लॅक १९५४ मध्ये शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणाऱ्या एकमुखी निर्णयात सहभागी होते. निष्ठा झाकता येतात तशा बदलताही येतात. रिग्जच्या साच्यात प्रत्येकाला बसविणे म्हणूनच अन्यायाचे होईल.

सुपरमॅनची गोष्ट याच्या नेमकी उलट. त्याचा चेहरा उघडा. सोंग आहे ते क्लार्क केंट या चष्मेवाल्या बातमीदाराचे. परग्रहावरून आलेला हा निर्वासित १९३८ मध्ये प्रथम छापला गेला, तो जेरी सीगल आणि जो शुस्टर या स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील दोन तरुणांमुळे. क्लॅनच्या द्वेषयादीत ज्यूंचा आणि परदेशीयांचा समावेश होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या लढतीला निराळाच रंग चढतो. नभोवाणीवरचा सुपरमॅन बड कॉलियर याचे नावही वर्षानुवर्षे गुप्त ठेवलेले होते. असहिष्णुतेविरुद्धच्या याच मोहिमेच्या निमित्ताने १९४६ मध्ये तो ‘टाइम’ साप्ताहिकातून स्वतःच्या नावानिशी लोकांसमोर आला.

या मालिकेभोवती एक आख्यायिकाही वाढली आहे. क्लॅनमध्ये वेष पालटून शिरलेल्या स्टेट्सन केनेडी यांनी तेथील परवलीचे शब्द निर्मात्यांना पुरविले, ते रोज प्रक्षेपित झाले आणि क्लॅन हास्यास्पद ठरली, असे सांगतात. २००५ च्या ‘फ्रीकॉनॉमिक्स’ या पुस्तकाने ही कथा जगभर नेली. पुढच्याच वर्षी त्याच लेखकांनी शंका जाहीर केली, कारण केनेडींनी दुसऱ्या एका हेराचे अनुभव स्वतःच्या नावावर खपविल्याचे कागदपत्रांवरून दिसत होते. केनेडींनी क्लॅनविरुद्ध काम केले, हे निर्विवाद. पण श्रुतिकेत खऱ्या परवलीच्या शब्दांची ती रेलचेल आढळत नाही. गुपित फुटले की द्वेष संपतो, ही समजूत सुखद असल्यामुळेच आख्यायिका टिकली असावी.

श्रुतिकेची मर्यादाही स्पष्ट सांगावयास हवी. दक्षिणेत क्लॅनचे मुख्य भक्ष्य कृष्णवर्णीय होते. कथेत मात्र पीडित कुटुंब चिनी ठेवले होते. मालिका संपून महिनाही झाला नव्हता, तोच २५ जुलै १९४६ रोजी जॉर्जियात मूर्स फोर्ड या पुलाजवळ दोन कृष्णवर्णीय जोडप्यांना जमावाने मोटारीतून उतरवून गोळ्या घातल्या. मृतांपैकी एक पुरुष नुकताच युद्धावरून परतलेला सैनिक होता. संघराज्याच्या गुप्तचरांनी चौकशी केली, शंभराहून अधिक साक्षी झाल्या, पण खुनाबद्दल एकावरही खटला उभा राहिला नाही. जमावाने तोंडे झाकली नव्हती. ज्या गोऱ्या जमीनदाराच्या मोटारीतून ती जोडपी चालली होती, त्याने तपासनिसांना सांगितले, की त्यातल्या एकालाही आपण ओळखले नाही.