सातशे एमबीचा प्रवास

एका सीडीवर मावणारा सिनेमा म्हणजे साधारण ७०० एमबी. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट खुलं केलं. तेव्हाच्या ९.६ केबीपीएसच्या डायल-अपवर हा सिनेमा उतरवायचा म्हटला, तर लाइन एकदाही न तुटता पावणेसात दिवस लागले असते. तो वेडेपणा अर्थातच कोणी केला नाही.

हिशेब सोपा आहे. कंपन्या वेग बिटमध्ये सांगतात, फाइल बाइटमध्ये मोजतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. जाहिरातीतल्या आकड्याला आठाने भागा, हे ग्राहकाला तेव्हाही कोणी सांगत नव्हतं, आजही सांगत नाही.

१९९८च्या अखेरीस खासगी कंपन्यांना मुभा मिळाली आणि ५६ केबीपीएसचे मोडेम आले. सिनेमा अठ्ठावीस तासांवर आला, तोही कागदोपत्री. जुन्या तांब्याच्या तारेवर एवढा वेग क्वचितच मिळे. नेटचे तास वेगळे, फोनचे कॉल वेगळे, आणि तेवढा वेळ घरचा फोन एंगेज. आयएसडीएनचे १२८ केबीपीएस बहुतेक कचेऱ्यांपुरतेच राहिले.

माझ्या मते खरी कलाटणी २००५ची. आदल्या ऑक्टोबरातल्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ केबीपीएस आणि कायम चालू असलेली जोडणी अशी व्याख्या केली. बीएसएनएल, एमटीएनएलने त्याच तांब्याच्या तारेवर एडीएसएल आणलं. आवाज खालच्या कंप्रतेवर, डेटा वरच्या. मध्ये छोटा स्प्लिटर. फोनही चालू, नेटही चालू! एक्स्चेंजजवळच्याला चांगला वेग मिळे आणि तीन-चार किलोमीटरवरचा तक्रारी करत बसे, कारण तार लांबली की सिग्नल क्षीण होतो. बीएसएनएलच्या एका लोकप्रिय प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोफत असे. २५६च्या वेगाने आपला सिनेमा उतरायला सहा तास पाच मिनिटं लागत, म्हणजे सवलत पाच मिनिटांनी हुकायची. लोक गजर लावून उठत आणि आठला बंद करायला विसरले की बिल येई. २००७च्या सुरुवातीला वेग २ एमबीपीएसवर गेला, सिनेमा पाऊण तासावर आला आणि गजर सुटले.

शहरांत केबलवाल्यांनी गच्चीगच्चीवरून लॅनच्या तारा ओढल्या. ही तार शंभर मीटरपुढे चालत नाही, म्हणून गच्चीवर जागोजागी स्विच बसले. वळवाच्या विजांनी ते जळायचे.

घरची लाइन ठणठणीत असली तरी भागत नाही, हे जानेवारी २००८मध्ये कळलं. इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि भारतातलं नेट रांगू लागलं.

आता फायबरवर १०० एमबीपीएसने तोच सिनेमा छप्पन्न सेकंदांत येतो. प्रकाशाला तांब्यासारखी अंतराची अडचण येत नाही. पण एकच फायबर बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटलेलं असतं, म्हणून जाहिरातीत आकड्यापुढे ‘पर्यंत’ हा शब्द असतो.

ब्रॉडबँडची सरकारी व्याख्या मात्र २०१३मध्ये ५१२ केबीपीएसवर आणि जानेवारी २०२३मध्ये २ एमबीपीएसवर पोचली. तेव्हा नुसत्या ‘ब्रॉडबँड’ या शब्दावर प्लॅन घेऊ नका. अपलोडचा वेग किती, डेटा संपल्यावर किती उरतो, हे आधी विचारा. आणि वेग तपासताना वायफायवर नव्हे, तार लॅपटॉपला जोडून तपासा.