रोजची यंत्रे (भाग ६) : सेल संपला, तरी चावी जिवंत

रात्रीचे साडेअकरा. मीरा रोडमधल्या सोसायटीचे पार्किंग. एका हातात पिशव्या, कडेवर पेंगुळलेले मूल. रिमोटचे बटण दाबले तरी गाडी ढिम्म. काचेला टेकवून दाबले, तरी ना दिवे लुकलुकले ना कुलूप खटकले. आता मेकॅनिकला उठवायचे की रिक्षा शोधायची?

दोन्हींची गरज नाही. गाडी उघडण्याची आणि सुरू करण्याची सोय त्याच मुठीत असते.

चावीच्या प्लॅस्टिकमध्ये दोन वेगवेगळ्या यंत्रणा नांदतात. पहिली रेडिओची. बटण दाबले की ती सांकेतिक संदेश पाठवते आणि सेंट्रल लॉक उघडते. तिला सेल लागतो, बहुधा सीआर २०३२. माप नावातच आहे: व्यास २० मिलीमीटर, जाडी ३.२ मिलीमीटर. त्यातून ३ व्होल्ट मिळतात. सेल थकत आला की आधी पल्ला घटतो. पूर्वी जिन्यातून उघडणारी गाडी आता दाराशी जाऊन उघडावी लागते. ही सूचना ओळखली तर रात्रीची फजिती टळते.

दुसरी यंत्रणा इमोबिलायझरची, म्हणजे चोराला इंजिन सुरू करू न देणारी. तिच्या चिपला सेल लागतच नाही. गाडीतल्या तारेच्या वेटोळ्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते, चावी त्यात आली की चिपच्या वेटोळ्यात वीज उपजते आणि तेवढ्या विजेवर चिप आपली ओळख सांगते. मात्र हे जमते अगदी जवळून, काही सेंटिमीटरवरून.

म्हणून आधी रिमोटच्या कडेचा खटका सरकवून आतली धातूची चावी बाहेर काढावी. ड्रायव्हरच्या दारावर कुलपाचे भोक दिसत नसेल तर हँडलच्या टोकाची प्लॅस्टिकची टोपी पाहावी. काही गाड्यांत ते तिच्याखाली असते. अशा प्रकारे दार उघडल्यावर काही गाड्यांचा अलार्म वाजू लागतो. वॉचमन धावत आला तरी घाबरू नये, गाडीने चावी ओळखली की तो थांबतो. पुढे ब्रेक दाबून रिमोट थेट स्टार्ट बटणाला टेकवायचा आणि बटण दाबायचे. काही मॉडेलमध्ये रिमोट ठेवण्याची जागा वेगळी असते, ती गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेली असते. इग्निशनमध्ये फिरवायच्या चावीत तर वेगळे काही करावे लागत नाही, कारण वेटोळे तिथेच असते.

सेल बदलणे पाच मिनिटांचे काम. जुन्यावरचा आकडा वाचूनच नवा घ्यावा. २०२५ त्याच व्यासाचा, पण २.५ मिलीमीटरचाच, म्हणून ढिला बसतो. अधिक चिन्हाची बाजू जुन्या सेलप्रमाणे ठेवावी आणि नवा सेल कोरड्या बोटांनी कडेला धरावा. भाईंदरच्या खाडीकाठी हवा दमट आणि खारी, तेव्हा झाकण उघडलेच आहे तर आतल्या पत्र्याच्या पट्ट्याही कोरड्या कापडाने पुसून घ्याव्यात.

जुना सेल मात्र टेबलावर ठेवू नये. लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आत गंभीर भाजते. ‘संपलेला’ सेलही हे करू शकतो. तशी नुसती शंका आली तरी उलटी करवत न बसता मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्यात द्यावा.

दहिसर नाक्यावर लहान गाड्यांचा टोल २०२४ च्या ऑक्टोबरात माफ झाला, तरी काचेवरचा फास्टॅग तसाच आहे. त्यातही सेल नसतो, पण तो काही मीटरवरून वाचला जातो. तो कसा, हे पुढच्या आठवड्यात.